रॉय नावाचे दोन डबे

नेव्हिल विडोसनला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण ते त्याला पचत नाही. खोटं बोलला की त्याला उचकी लागते. १९९४ साली त्याची बायको स्वयंपाकघरातली कपाटं बसवणाऱ्या एका गृहस्थाबरोबर स्केगनेसला निघून गेली, तेव्हा तो आठवडाभर सगळ्यांना "बहिणीकडे गेलीये" असं सांगत होता आणि आठवडाभर उचक्या देत होता. आठव्या दिवशी खाटकाच्या दुकानातल्या बाईनेच त्याला सांगितलं, "जाऊ दे रे नेव्ह. पाणी पी." तेव्हापासून त्याने खोटं सोडलं, आणि लग्नाचा विचारही.

पोटापाण्यासाठी त्याने चाळीस वर्षं गालिचे बसवले. कार्ल्टन, नेदरफील्ड, स्नेन्टन, नॉटिंगहॅमच्या या पूर्वेकडच्या अंगाला अशी घरं थोडी, जिथली जमीन नेव्हिलने गुडघ्यांवर रांगत पालथी घातली नाही. त्यातून त्याला दोन गोष्टी मिळाल्या, कामातून गेलेले गुडघे आणि नजर. नजर अशी, की दारात उभा राहून खोलीकडे बघणार आणि सांगणार, "अकरा फूट सव्वादोन इंच." टेप लावायची ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. ही नजर देवाने आपल्याला गालिच्यांसाठी दिली नसून तोफेसाठी दिली आहे, असं मात्र त्याचं स्वतःचं मत होतं.

तोफ बोटभर लांबीची, शिशाची. दर शनिवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या क्लबात बारा फूट बाय सहा फुटांच्या टेबलावर नेव्हिलचं सैन्य उभं राहायचं. त्यात भालेकरी, तलवारवाले, पिसांच्या टोप्यांचे घोडेस्वार, आणि बेरिल ही तोफ. बेरिल हे त्याच्या सासूचं नाव. समोर रॉय शॅकलॉकचं सैन्य, ते मात्र सगळंच्या सगळं मेलेल्यांचं. सांगाड्यांच्या पलटणी, पांढरी भुतं, थडग्यातून उठलेले सरदार, आणि मध्यभागी हाडांच्या घोड्यावर बसलेला मेलेला राजा. एकेक शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा, हाताने रंगवलेला. इंचाइंचाने पुढे सरकायचं, फासे टाकायचे, मारायचं, मरायचं आणि साडेचारला चहा घ्यायचा. एकतीस वर्षं हे चाललं होतं आणि एकतीस वर्षांत नेव्हिल एकदाही जिंकला नव्हता.

त्याचं कारण साधं होतं. जिवंत माणूस घाबरतो. नेव्हिलचे भालेकरी चार सांगाडे अंगावर आलेले बघितले की टेबलाच्या कडेपर्यंत धूम ठोकायचे, नियमच तसा आहे. मेलेला कशाला पळेल? त्याचं आणखी काय जायचं राहिलंय? शिवाय मारलेले सांगाडे बुटाच्या खोक्यात ठेवून नेव्हिलने हात झटकावेत, तर रॉयचा राजा मंत्र म्हणणार आणि खोक्यातली निम्मी हाडं परत टेबलावर. यावर उपाय एकच. राजा पडला, की अख्ख्या सैन्याची जागच्या जागी माती. त्यासाठी बेरिल. तोफ डागण्याआधी लक्ष्य किती इंचांवर आहे ते नुसत्या नजरेने सांगायचं आणि मग टेप लावायची. नेव्हिलचा अंदाज कधी पाव इंचानेही चुकला नाही. मग एक फासा टाकायचा. दोन ते सहा काहीही आलं तर राजा गेला, एक आला तर तोफ फुटली. आणि बेरिल ऐन वेळी फुटायची, ज्या बाईचं नाव तिला दिलं होतं तिच्यासारखीच.

यातूनही कधी फासा बरा पडलाच, तर रॉय ओरडायचा, "तिरका!"

फासा सपाट पडला पाहिजे असा क्लबचा नियम आहे. कशाला तरी टेकून कलता राहिला तर तो तिरका, मग आकडा काहीही असो, परत टाकायचा. नियम सगळ्यांनाच लागू, पण नेव्हिलचा तिरका फासा रॉयला हॉलच्या दुसऱ्या टोकाहून, किटलीत पाणी भरताना, पाठमोरा असतानाही दिसायचा.

तो रॉय जानेवारीत गेला. मासे आणि चिप्सच्या दुकानात रांगेत उभा होता, "मटार जरा सढळ हाताने घाल" म्हणाला, खाली बसला, आणि परत उठला नाही. अँब्युलन्सवाल्यांनी वीस मिनिटं खटपट केली. ज्याने एकतीस वर्षं मेलेल्यांना उठवलं त्याला उठवायला कोणी नव्हतं, आणि हे नेव्हिलला इतकं अन्यायाचं वाटलं की तो अंत्यविधीला रडण्याऐवजी चिडूनच बसला होता.

मग रॉयची बायको ग्लेनिस हिला टेबलाच्या खणात एक पत्र सापडलं. ती ते घेऊन नेव्हिलकडे आली आणि तिने उभ्या उभ्याच वाचून दाखवलं.

"'माझं सैन्य, एकही शिपाई न तोडता, सगळंच्या सगळं, नेव्हला द्यावं. पण त्याने ते आधी हरवून दाखवावं. एकच डाव. माझ्या बाजूने ग्लेनिस खेळेल. तिला येत नाही असं ती म्हणते, पण तिला येतं. नेव्ह हरला तर सैन्य क्रेगला.'"

"डर्बीच्या क्रेगला?" नेव्हिलने विचारलं.

"दुसरा कुठला क्रेग आहे आपल्याला?"

क्रेग हा रॉयचा पुतण्या. माणूस वाईट नाही, पण डर्बीचा, आणि नॉटिंगहॅम-डर्बीचं पिढ्यांचं वाकडं. जुनी वस्तू दिसली की फोटो काढायचा आणि फोनवर विकायला लावायची, असा त्याचा खाक्या. सैन्य ताब्यात आलं की सांगाडे सुटे सुटे विकणार, असं त्याने अंत्यविधीच्या जेवणातच, हॅम भरलेला कॉब, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, खाता खाता, मोकळेपणाने सांगून टाकलं होतं.

तेव्हा नेव्हिलला जिंकणं भाग होतं. पण त्याआधी एक काम होतं. रॉयची शेवटची चाळीस सांगाड्यांची पलटण रंगवायची राहून गेली होती आणि क्लबमध्ये बिनरंगाचा शिपाई लढत नाही. पत्रात म्हटलंय एकही शिपाई न तोडता, मग हे चाळीस घरी बसवून कसं चालेल? आपल्याला मारायला येणारी पलटण आपणच रंगवायची, ही गोष्ट जगात फक्त आमच्या क्लबातल्या लोकांनाच सरळ वाटते. नेव्हिलने ग्लेनिसकडून मागच्या शेडची किल्ली घेतली आणि तीन आठवडे रॉयच्या स्टुलावर बसून हाडं रंगवली.

आता त्या शेडबद्दल सांगायला हवं. बऱ्याच वर्षांपूर्वी ग्लेनिसने ब्राऊन शुगर समजून रॉयची वाळू सफरचंदाच्या क्रंबलवर, म्हणजे जेवणानंतरच्या गोडावर, पेरली होती. शिपायांच्या पायाखालच्या चकतीला गोंद लावून बारीक वाळू चिकटवतात, म्हणजे ते जमिनीवर उभे आहेत असं वाटतं, ती ही वाळू. त्या दिवशी व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री, जेवायला होते. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि "कुरकुरीत आहे" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ग्लेनिसने रॉयच्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर, बरणीवर जाड पेनने 'रॉय' असं लिहायला सुरुवात केली. वाळू नाही, गोंद नाही, नुसतं 'रॉय'. म्हणजे रॉयचं, हात लावू नका.

चाळिसावा सांगाडा रंगवून झाल्यावर नेव्हिलने फळीवरून डबा काढला. मार्जरिनचा डबा, वर 'रॉय'. आत करडी, बारीक, अधूनमधून पांढऱ्या कणांची वाळू. नेहमीपेक्षा चांगली. गोंदाला अशी धरली, की नेव्हिल स्वतःशीच म्हणाला, "रॉय, लेका, एवढा चांगला माल लपवून ठेवला होतास?" चाळिसांच्या पायाखाली लावूनही बरीच उरली, म्हणून त्याने क्लबसाठी एक नवी टेकडी बनवली, ताटाएवढी, आणि उरलेला सगळा डबा तिच्यावर उपडा केला. रिकामा डबा धुऊन कचऱ्याच्या निळ्या पेटीत टाकला. नेव्हिल मागे पसारा ठेवणारा माणूस नाही.

त्या गुरुवारी ग्लेनिसने रॉयची थोडी रक्षा ट्रेंट नदीत सोडायचं ठरवलं होतं. बाकीची त्याच्या आईशेजारी पुरली होती. ही थोडीशी तिने वेगळी काढून ठेवली होती, कारण दर रविवारी नदीकाठच्या एका बाकावर बसून रॉय सँडविच खायचा. काठावर आठ-दहा माणसं जमली. व्हिकरनी प्रार्थना म्हटली. ग्लेनिसने पिशवीतून मार्जरिनचा डबा काढला, त्यावर 'रॉय' लिहिलेलं होतं, आणि डोळे मिटून तो नदीत रिकामा केला.

नेव्हिल टोपी काढून उभा होता. डब्यातलं सगळं खडखडत पाण्यात पडलं आणि झटकन बुडालं. मग त्यातून काही तांबूस कण वर आले आणि तरंगत चालले.

व्हिकर भरल्या आवाजात म्हणाले, "बघा. आपला रॉय कसा तरंगत निघालाय."

ते बूच होतं. वाळूत बुचाचा चुरा मिसळला की जमीन खडबडीत दिसते. हा चुरा नेव्हिलने स्वतः, वाइनची बुचं किसणीवर किसून, गेल्या उन्हाळ्यात रॉयला दिला होता. तो बुचाकडे बघत राहिला. मग त्याला शेडमधली फळी आठवली, मग ती चांगली वाळू, मग गोंद. नवऱ्याला स्वयंपाकघरात मांजर हुंगेल म्हणून ग्लेनिसने त्याच्या आवडत्या शेडमध्ये, त्याच्या फळीवर, वाळूच्या डब्याशेजारी ठेवलं होतं आणि सवयीने डब्यावर नाव लिहिलं होतं.

"बरं वाटलं ना रे, नेव्ह?" ग्लेनिसने त्याचा हात धरून विचारलं. "आता तो सुटला."

"हो," नेव्हिल म्हणाला, आणि त्याला उचकी लागली.

गुरुवार, शुक्रवार ती थांबली नाही. त्याने पाणी पिऊन बघितलं, श्वास रोखून बघितला. सांगायचं कसं? 'ग्लेनिस, तुझा नवरा सुटलेला नाही, मी त्याला चिकटवलाय?' एकच मार्ग होता, शनिवारी जिंकायचं. सैन्य आपलं झालं की मग सावकाश, एखाद्या बऱ्या दिवशी, चहा पिता पिता तिला सांगता येईल. हरलो, तर रॉय चाळीस तुकड्यांत डर्बीला जाईल आणि तिथून कुठे कुठे पार्सलने. एकतीस वर्षांत नेव्हिलला जिंकायची इतकी गरज कधीच पडली नव्हती.

शनिवारी हॉलमध्ये पंच म्हणून ऑड्री पिंडर होत्या. पिंडरबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. क्लबचं नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं, तरी त्या ते उघडून, बोट ठेवूनच वाचायच्या. त्यांनी नेव्हिलची उचकी ऐकली आणि चष्म्यावरून बघितलं.

"विडोसन, काही सांगायचंय का?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. हिक्.

"बरं," पिंडरबाई म्हणाल्या. "आठवेल तेव्हा सांगा."

क्रेग आधीच येऊन बसला होता. बरोबर सहा खोकी, पार्सलं गुंडाळायचं फुग्यांचं प्लास्टिक, चिकटपट्टी, आणि हातात पुदिन्याचा सॉस घातलेल्या मटारची वाटी. टेबलाच्या मधोमध नवी टेकडी ठेवलेली होती. क्रेग तिच्यावरून वाकून सांगाडे बघायला लागला आणि वाटी कलंडून हिरव्या सॉसचा एक थेंब टेकडीच्या माथ्यावर पडला.

"अरेरे," क्रेग म्हणाला. त्याने थेंब बोटाने पुसला आणि बोट चाटलं.

नेव्हिलच्या तोंडून उचकी, हुंदका आणि किंकाळी यांच्या मधला एक आवाज निघाला.

"काय झालं, नेव्हकाका? पुसलं की मी."

"काही नाही." हिक्. "मटार... मटार टेबलापासून लांब ठेव."

ग्लेनिसने पर्समधून वाचायचा चष्मा काढला, बाही वर केली आणि सैन्याकडे बघितलं. एकतीस वर्षं ती या हॉलमध्ये चहा करत आली होती, पाठ टेबलाकडे, पण कान खेळाकडे. तिला नियमांची नावं ठाऊक नव्हती, पण कुठल्या फाशानंतर रॉय खूश व्हायचा ते पक्कं ठाऊक होतं. सांगाड्यांना ती 'पोरं' म्हणायची, भुतांना 'पडदे' आणि मेलेल्या राजाला 'आमचे हे'.

"मी काय म्हणते, ऑड्री, हे पडदे इकडून आत घातले तर चालेल ना?"

पिंडरबाईंनी बोट ठेवून वाचलं. "चालेल."

"मग घालते."

आणि भुतं थेट नेव्हिलच्या घोडेस्वारांच्या बगलेत घुसली. घोडेस्वार पळाले. पहिल्या तासातच नेव्हिलच्या लक्षात आलं, की रॉय परवडला होता. रॉय निदान विचार करायला वेळ घ्यायचा. ही बाई क्रंबलवर साखर पेरावी तसे फासे टाकत होती.

पण नेव्हिलचं खरं संकट वेगळंच होतं. त्या चाळीस सांगाड्यांची पलटण टेकडीवरून उतरून त्याच्या भालेकऱ्यांवर आली. भालेकरी आज कधी नव्हे ते पळाले नाहीत, उलट त्यांनी सहा सांगाडे मारले. मेलेले शिपाई उचलून खोक्यात ठेवायचे असतात. नेव्हिलने एकेक सांगाडा दोन्ही हातांनी उचलला आणि खोक्यात आडवा निजवला. प्रत्येक वेळी त्याचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतोयस?" ग्लेनिसने विचारलं.

"मोजतोय." हिक्.

तो "माफ कर हं, रॉय" म्हणत होता.

"उठा रे पोरांनो," ग्लेनिस म्हणाली आणि तिने मंत्राचा फासा टाकला. पाच आला. पाच पोरं खोक्यातून उठून पुन्हा टेबलावर उभी राहिली. नेव्हिलला मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला. हा काय खेळायचा प्रकार झाला? मारायचं तर जीव खालीवर, आणि परत उठला की आनंद. क्रेग मात्र खोकी जोडायला लागला होता. चिकटपट्टी टर्रर्र वाजत होती.

सहावी फेरी शेवटची. नेव्हिलचे भालेकरी उरले चार. घोडेस्वार टेबलाच्या कडेवरून खाली गेलेले. पण त्या धुमाळीत मधली सगळी पलटण बाजूला सरकली होती आणि हाडांच्या घोड्यावरचा राजा टेकडीच्या पलीकडे उघडा पडला होता. त्याच्या आणि बेरिलच्या मध्ये कोणी नव्हतं.

नेव्हिलने गुडघे टेकले, तेच कामातून गेलेले गुडघे, आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणला.

"सव्वाएकोणीस इंच."

पिंडरबाईंनी टेप लावली. सव्वाएकोणीस. पाव इंच इकडे नाही की तिकडे नाही.

"टाका फासा," त्या म्हणाल्या आणि टेप गुंडाळायला लागल्या. ग्लेनिस डोळ्यांवरून चष्मा काढून पुसत होती. क्रेग खाली बघत चिकटपट्टीचं टोक शोधत होता.

नेव्हिलने फासा टाकला. तो गडगडत गेला, टेकडीच्या पायथ्याशी आपटला आणि थांबला.

सहा.

एकतीस वर्षांनी बेरिल फुटली नव्हती. राजा मेला होता, आता अख्ख्या सैन्याची माती, आणि मग सगळंच आपलं, सगळा रॉय आपला. नेव्हिलने श्वास घेतला आणि मग त्याला दिसलं. फासा सपाट नव्हता. त्याची एक कड टेकडीच्या करड्या उतारावर टेकली होती.

कोणाचंही लक्ष नव्हतं. करंगळीचा एक धक्का दिला असता तर फासा सहावरच सपाट बसला असता. गालिचेवाल्याची नजर एवढी तयार, की कुठून किती ढकलायचं हेही त्याला दिसत होतं. आणि त्याच नजरेला ज्याने फासा अडवला होता तो उतारही दिसत होता, बारीक, करडा, अधूनमधून पांढरे कण. किटलीत पाणी भरताना, पाठमोरा उभा राहूनही ज्याला दिसायचं, तो इथे टेबलावरच होता. उचकी लागली की कोणीतरी आपली आठवण काढतंय असं म्हणतात. नेव्हिलला तीन दिवस कोण छळत होतं हे त्याला त्या क्षणी नीट कळलं. त्याला रॉयची फार आठवण आली.

"तिरका," नेव्हिल म्हणाला.

सगळ्यांनी माना वर केल्या. पिंडरबाई वाकल्या, त्यांनी फासा बघितला, आकडा बघितला, आणि मग बराच वेळ नेव्हिलकडे बघितलं.

"तिरका," त्यांनी निकाल दिला. "परत टाका."

त्याने परत टाकला.

एक. बेरिल फुटली.

पुढचं दहा मिनिटांत आटोपलं. पोरांनी चार भालेकरी कापले, पडद्यांनी तोफवाले गिळले, आणि नेव्हिलच्या बाजूला हिरव्या कापडाखेरीज काही उरलं नाही. क्रेग उठला. त्याने फुग्यांचं प्लास्टिक फाडलं आणि पहिला सांगाडा उचलला.

"थांब," नेव्हिल म्हणाला. "तो खाली ठेव."

"नेव्हकाका, पत्रात लिहिलंय की..."

"पत्रात लिहिलंय ते मला माहीत आहे. त्यात रॉय आहे."

"कशात?"

"त्याच्या पायाखाली. त्या चाळिसांच्या पायाखाली. आणि टेकडीत." मग सगळं एका दमात बाहेर पडलं, शेड, फळी, डबा, गोंद, निळी पेटी. "मला वाटलं वाळू आहे. डब्यावर 'रॉय' होतं गं, ग्लेनिस. सगळ्याच डब्यांवर 'रॉय' असतं. मी त्याला चिकटवला. चांगला बसला म्हणून कौतुकही केलं. मला माफ कर."

ग्लेनिस खुर्चीवर बसली.

"मग," ती हळूच म्हणाली, "मी नदीत काय सोडलं?"

"वाळू. बांधकामाची."

"आणि ते तरंगत गेलं ते?"

"बूच."

"व्हिकर म्हणाले, बघा आपला रॉय..." तिचे खांदे हलायला लागले. नेव्हिलला वाटलं रडतेय. रडतच होती, पण हसत हसत, टेबलाची कड घट्ट धरून, चष्मा हातात, डोळ्यांतून धारा. "मेल्या! घरी येऊन मी त्याच्या फोटोला सांगितलं, की झालास रे मोकळा! आणि हा बसलाय शेडमध्ये, गोंद लावून! त्याच्या पोरांच्या पायाखाली! आणखी कुठे जाणार होता तो? दुसरं कुठे जायचं असतं त्याला शनिवारी?"

मग तिने खरोखरच रडून घेतलं आणि नेव्हिलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यालाही आता, जानेवारीपासून पहिल्यांदाच, रडू येत होतं.

क्रेग मात्र हातातल्या सांगाड्याकडे बघत पांढराफटक पडला होता. त्याने तो अतिशय जपून टेबलावर ठेवला. मग टेकडीच्या माथ्याकडे बघितलं, मग आपल्या बोटाकडे.

"काकू," तो म्हणाला, "मी मघाशी तो सॉस..."

"हो रे राजा," ग्लेनिस डोळे पुसत म्हणाली. "काकांचा तुझ्यावर जीवच होता."

क्रेग पाण्याचे तीन ग्लास प्यायला. बाकीचं सैन्य तरी नेऊ का, असं त्याने चौथ्या ग्लासाआधी विचारलं. पिंडरबाईंनी पत्र मागून घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. "'एकही शिपाई न तोडता.' न्यायचं असेल तर सगळं न्यावं लागेल, मिस्टर शॅकलॉक. काकांसकट."

"माझी बायको आधीच म्हणते घरात फार पसारा आहे," क्रेग म्हणाला, आणि रिकामी खोकी काखेत मारून तो डर्बीच्या बसला निघून गेला.

"मग आता सैन्य कोणाचं?" नेव्हिलने विचारलं. "मी तर हरलो."

"ज्याचं होतं त्याचंच," ग्लेनिस म्हणाली. "शेडमध्ये राहील. शनिवारी मी घेऊन येत जाईन. तू येशील ना हरायला?"

"येईन," नेव्हिल म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं, की उचकी थांबलीये.

पिंडरबाईंनी क्लबची वही उघडली होती. तिच्यात प्रत्येक लढाईचा निकाल लिहायचा असतो. एकतीस वर्षांची पानं एकाच नावाने भरलेली होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि त्या अडल्या.

"विजेता कोण लिहू? तू खेळलीस, ग्लेनिस."

"रॉय लिही."

"तसं लिहिता येत नाही. नियम सात. नाव त्याचंच, जो टेबलाशी स्वतः हजर असेल."

ग्लेनिसने टेकडीजवळ पडलेला फासा उचलला आणि ज्या उतारावर तो कलला होता, तिथे हात ठेवला.

"हजरच आहे," ती म्हणाली.

पिंडरबाईंनी चष्मा वर सरकवला, खाली वाकून टेकडी नीट बघितली, आणि लिहिलं, 'विजेता: रॉय शॅकलॉक.' त्याखाली हरलेल्याने सही करायची असते. ती नेव्हिलने केली, नेहमीसारखी.